वर किती माणसं?

१

रोसेंडो विलारेआल एसी दुरुस्तीला कुणाच्याही घरी गेला, तरी आधी यंत्राकडे बघायचा नाही. दारातच विचारायचा, "घरात माणसं किती?" सॅन अँटोनिओ शहरात एकोणतीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याचे उस्ताद पर्विस टिडवेल यांची ही शिकवण. माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा, असं ते म्हणायचे. दहा पाहुणे आले की दहा दिवे लागले असं धरायचं, आणि तान्हं मूल असलं तर अर्धा. लोक यंत्राच्या नावाने बोटं मोडतात आणि माणसं मोजायला विसरतात. कुणी वरच्या खोलीत ठेवलेला भाडेकरू विसरतं, कुणी सासू विसरतं. सासू बहुतेक मुद्दामच विसरलेली असते, हे रोसेंडोचं स्वतःचं निरीक्षण.

उस्तादांची दुसरी शिकवण मजला रिकामा करण्याची. वरचा मजला गार का होत नाही हे कळायला तो अर्धा तास मोकळा ठेवून मोजावा लागतो. मग रोसेंडो जिन्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि मोठ्याने सांगायचा, "चला, अर्धा तास. सगळे खाली." त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण लोक निमूट उतरायचे. एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनाही त्याने टॉवेलवर खाली आणलं होतं, आणि ही गोष्ट तो दर ईस्टरला जेवणाच्या टेबलावर सांगायचा.

मुलीच्या घरी मात्र त्याने माणसं विचारली नाहीत. त्यात विचारायचं काय? नोएमी, तिचा नवरा ताविओ आणि सहा आठवड्यांची इनेस. त्यातला ताविओ समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, दोन आठवडे तिकडे असायचा. म्हणजे सध्या दीड माणूस.

ऑगस्टातला रविवार होता. बाहेर एकशेतीन फॅरनहाइट. चर्चमधून निघताना दर रविवारसारखा त्याने बार्बाकोआचा डबा घेतला, रात्रभर वाफेवर शिजलेलं मांस आणि गरम टॉर्टिया, आणि तो मुलीकडे गेला. खाली हॉलमध्ये छान गारवा होता. जिना चढला आणि सातव्या-आठव्या पायरीवर हवा बदलली. वर पंच्याऐंशी होतं.

नोएमी पाळण्याशी बसून इनेसला वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती. इनेस पाच आठवडे आधीच जन्मली होती, अजून हातात भरत नव्हती. मानेवर घामोळ्यांची लाल माळ उठली होती. दवाखान्यातल्या नर्सने स्पष्ट बजावलं होतं, बाळाची खोली शहात्तरच्या वर जाऊ देऊ नका, हिला अजून स्वतःचं अंग सांभाळता येत नाही. कालपासून ती दूधही धड पीत नव्हती.

"सगळ्या शहराला गार करता, अपा," नोएमी म्हणाली, "आणि नातीला घाम फुटलाय."

ती हसून म्हणाली, पण डोळे झोप नसलेले होते. रोसेंडोला ते लागलं. त्याने डबा तिच्या हातात दिला आणि गाडीतून अवजारं आणायला गेला.

२

या घरात वरच्या मजल्याचं यंत्र वेगळं होतं, छपराखालच्या माळ्यावर आडवं बसवलेलं. त्याने फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ होता. गॅसचा दाब बरोबर. जाळीतून येणारी हवा चांगली थंड, हाताला बोचणारी. तिन्ही खोल्यांना आणि बोळाला हवा पोचत होती. माळ्यावर पसरलेला उष्णतारोधक कापूस भरपूर होता, नळ्यांना कुठे भोक नव्हतं. खिडक्यांचे पडदे नोएमीने दिवसभर ओढून ठेवले होते. चौऱ्याहत्तरला थांबायचं म्हणून लावलेलं यंत्र पहाटेपासून एकदाही थांबलं नव्हतं, आणि त्याचा दोष म्हणावा असं काहीच नव्हतं.

माळ्यावर माणसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबवत नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. यंत्राचं पत्र्याचं दार परत लावताना त्याला आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं दिसलं. यात नवल नव्हतं. हे कारागीर आपली तारीख आणि आकडे पत्र्यावरच लिहून ठेवतात, पुढच्याला उपयोग होतो. चार वेगवेगळी हस्ताक्षरं होती. वर्षं दोन हजार अकरा, चौदा, अठरा आणि एकवीस. प्रत्येक तारखेपुढे तापमान होतं आणि शेवटी माणसांचा आकडा. लोक सहा. लोक नऊ. लोक तेरा. लोक सतरा.

मोठी कुटुंबं राहून गेलेली दिसतात, असं त्याच्या मनात आलं. सतरा म्हणजे जरा जास्तच, पण पाहुणे असतील, लग्न असेल. त्याने खिशातून मार्कर काढला आणि खाली तारीख लिहिली. लोकांच्या जागी 'दीड' लिहून तो स्वतःशीच हसला.

निघताना टॉर्चचा उजेड यंत्रामागच्या फळीवर पडला. तिथे एक स्क्रू ड्रायव्हर पडलेला होता, चांगला, लाल मुठीचा, धुळीने माखलेला. कारागीर जेवण विसरेल, पण आपला स्क्रू ड्रायव्हर विसरत नाही. त्याने तो उचलला आणि का कोण जाणे, होता तिथेच परत ठेवला.

३

मंगळवारी तो काम उरकून दुपारी पुन्हा आला. तोवर नोएमीने बाळाचा पाळणा खाली हॉलमध्ये आणला होता आणि स्वतः सोफ्यावर झोपत होती. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेचे टाके अजून दुखत होते, सोफ्यावर कूस बदलता येत नव्हती. ती चिडलेली होती.

तिचं म्हणणं असं की झोपायच्या खोल्या वर म्हणून घर घेतलं, आता हॉलमध्ये सामानाची अजून न उघडलेली खोकी आणि आपण, दोघंही बांधलेलेच. ताविओ फोनवर विचारतो, तुझे वडील एवढे नावाजलेले, मग अडलं कुठे? रोसेंडोने हे गिळलं. जावई बोलला म्हणून नव्हे, त्यालाही तेच कळत नव्हतं म्हणून.

"आधी इथे कोण राहायचं गं?" त्याने सहज विचारलं.

"एक बाई होती, एकटीच. शाळेची बस चालवायची. तिच्या आधीचा माणूसही एकटाच होता म्हणे."

"एकटीच? नक्की?"

"शेजारीण सांगत होती. वरचा मजला बंदच ठेवायची म्हणे, खाली सोफ्यावर झोपायची. माझ्यासारखी." नोएमी बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. "पण एक सांगू? सकाळी मी कपडे आणायला वर जाते ना, तेव्हा गालिचा पायाला कोमट लागतो. बरं वाटतं हो. शेकल्यासारखं."

छपराची उष्णता वरून येते, गालिच्यातून नाही. रोसेंडोला हे सांगायचं होतं. पण तो बाहेर स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेला. तिथे वरच्या यंत्राचं पाणी नळीतून गळत असतं. हवेतला दमटपणा यंत्रात थंड होऊन पाणी बनतो, तेच हे पाणी. एरवी थेंब थेंब पडतं. इथे धार लागली होती. त्याने नळीखाली बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. बादली ज्या वेगाने भरली, तो त्याने वहीत लिहिला, खोडला, पुन्हा मोजला आणि तोच पुन्हा लिहिला.

एवढा दमटपणा खिडक्यांतून येत नसतो. तो आंघोळीतून येतो, स्वयंपाकातून येतो, नाहीतर श्वासातून. वर कोणी आंघोळ करत नव्हतं. चूलही वर नव्हती.

४

त्या संध्याकाळी तो आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसला. बायको लारेडोला आजारी बहिणीकडे गेली होती, म्हणून घर शांत होतं आणि बीन्स कालचेच होते. त्याने गणित पद्धतशीर मांडलं. यंत्र तासाला किती उष्णता उपसतं, ते त्याने मोजलेलं होतं. छपरातून, भिंतींतून, काचांतून किती आत येते, त्याचे ठरलेले आकडे होते. एकातून दुसरं वजा केलं की उरतं ते माणसांचं आणि दिव्यांचं. वर दिवे लावलेले नव्हते.

उरलेल्या आकड्याला त्याने माणशी आकड्याने भागलं. वीसच्या आसपास आले.

त्याला आधी हसू आलं. मग त्याने दमटपणाचं गणित वेगळं केलं, कारण श्वासाचं पाणीही माणशी ठरलेलं असतं. तिथेही वीसच्या आसपासच आले. दोन वेगळ्या वाटांनी चालत जाऊन एकाच दारात पोचावं, तसं झालं.

रोसेंडो भोळा माणूस नव्हता. आजीने सांगितलेल्या गोष्टी त्याने आजीपाशीच ठेवल्या होत्या. त्याने स्वतःला समजावलं की भिंतींचा आकडा चुकीचा धरला असेल, बांधणाऱ्याने भिंतीत कापूसच भरला नसेल, असे बांधकामवाले पैशाला पासरी मिळतात. हे म्हणणं पटण्यासारखं होतं. फक्त पत्र्यावरची चार हस्ताक्षरं त्यात कुठे बसत नव्हती. सहा, नऊ, तेरा, सतरा. ती कुटुंबं नव्हतीच. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी आलेल्या कारागिरांनी विचारून लिहिलेले ते आकडे नव्हते. त्यांनीही त्याच्यासारखं टेबलाशी बसून भागाकार केला होता.

त्याला भीती वाटली. त्याने वही मिटली, बीन्स तसेच ठेवले आणि नोएमीला फोन करून बाळाने दूध घेतलं का, एवढंच विचारलं.

५

गुरुवारी त्याने दुपारची दोन कामं रद्द केली. इतक्या वर्षांत हे त्याने फार तर तीनदा केलं असेल. तो पोचला तेव्हा नोएमी इनेसला कुशीत घेऊन वरच्या खोलीत पलंगावर आडवी झाली होती. टाक्यांना सोफा सोसवेना, तासभर तरी पाठ टेकते, म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. वर चौऱ्याऐंशी.

त्याने बाहेर बादलीशी मोजलं, जाळ्यांशी मोजलं, यंत्राशी मोजलं. मग पलंगाशी आला.

"मिहा, तुम्ही दोघी जरा खाली जा. मला मोजायचंय."

नोएमी लहान असल्यापासून तो तिला मिहा म्हणायचा, पोरी म्हणावं तसं. ती कुरकुरत उठली. दोघी खाली गेल्या आणि तो अर्धा तास बोळात खुर्ची टाकून बसला. दीड माणसाची उष्णता कमी झाली. बरोबर दीड. आकड्यांनी कधी नव्हे इतका नेमका कौल दिला. स्वतःला वजा करून उरले साडेएकोणीस.

त्या अर्ध्याने त्याची झोप उडवली. एकोणीस आले असते, वीस आले असते, तर त्याने भिंतीवर, काचांवर, थर्मामीटरवर खापर फोडलं असतं. भिंत अर्धं मोजत नाही. अर्धं फक्त तान्ह्या मुलाचं धरतात.

त्याने यंत्र बंद केलं, आवाज ऐकायला. कुठली नळी खडखडते का, हे तपासायची ती पद्धतच आहे. यंत्राची घरघर थांबली आणि मजला शांत झाला. त्याचा कारागिराचा कान होता. रिकाम्या खोलीची शांतता पोकळ असते, हे त्याला ठाऊक होतं. या मजल्यावर सामान जवळजवळ नव्हतं. एक पलंग, एक कपाट, बाकी दोन खोल्यांत नुसता गालिचा. त्याने टाळी वाजवली. टाळीचा आवाज हातातच विरला. घुमला नाही, कुठे आपटून परत आला नाही. तो खोकला, खोकलाही तसाच गिळला गेला. चर्च भरलेलं असलं आणि पाद्री बोलायला उभे राहिले की आवाज असा होतो, हे त्याला आठवलं. सगळे बसलेले असतात आणि कुणी हलत नसतं.

तो खुर्चीवरून उठला नाही. उठताना कुणाला धक्का लागेल, असं त्याला वाटून गेलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

६

खाली आल्यावर त्याने पाणी प्यायलं आणि नोएमीला सांगितलं की बॅग भर, माझ्याकडे चला, आई येईपर्यंत राहा. ती म्हणाली, काय झालं? तो म्हणाला, यंत्र बदलावं लागेल, आठ-दहा दिवस जातील. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि मुलीला ते पाचवीपासून माहीत होतं.

"अपा, माझ्याकडे बघा. वर काय सापडलं?"

"काही नाही सापडलं."

"मग मी का जाऊ? माझं घर आहे हे. सहा वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांची तोंडं उघडी धरून घेतलंय. वर गार होत नाही म्हणून घर सोडलं, असं सांगू लोकांना?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मिहा, मी लोकांना विचारतो ना, घरात माणसं किती? तुला विचारायचं राहिलं."

"काय विचारायचंय त्यात? आम्ही तिघं."

"मला तिघं आले नाहीत."

ती हसणार होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसली नाही. तिने पाळण्यात झोपलेल्या इनेसकडे पाहिलं, मग जिन्याकडे. किती आले, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ते त्याला आजही चांगलं वाटतं की तो आकडा तिने त्याच्या तोंडून ऐकला नाही.

"बाळ उठलं की निघू," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय, तीन दिवसांत पहिल्यांदा. अर्धा तास द्या. तोवर मी बॅगा भरते."

अर्धा तास. रोसेंडोने मान हलवली. त्याने इनेसला अलगद गाडीच्या बाळखुर्चीत ठेवलं, पट्टा लावला, आणि खुर्ची हॉलच्या मधोमध, जाळीखाली, गारव्यात ठेवली. खाली बहात्तर होतं. तिची छाती हलकेच वरखाली होत होती. अंगठ्याएवढी मूठ गालाशी होती. त्याने तिच्या घामोळ्यांना हात लावून पाहिला, उतरायला लागली होती.

त्याला तेव्हाच निघता आलं असतं. झोपलेल्या बाळासकट खुर्ची उचलून गाडीत ठेवायची, एवढंच तर होतं. पण वरच्या बोळात त्याची वही, थर्मामीटर आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा राहिला होता. अवजारं टाकून निघून जाणारा कारागीर कसा असतो, हे त्याने माळ्यावर पाहिलं होतं. आपण तसे नाही, असं त्याला स्वतःला दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर राग आला होता. पोरीच्या घराचा राग, आपल्या घाबरण्याचा राग.

७

वर गेला तेव्हा सव्वाचार वाजले होते. पडद्यांच्या फटींतून उन्हाच्या उभ्या रेघा गालिच्यावर पडल्या होत्या. चौऱ्याऐंशी. मघाशी खाली येताना पुन्हा सुरू केलेलं यंत्र चालू होतं. त्याने वही उचलली, थर्मामीटर खिशात घातला, कॅमेरा गळ्यात अडकवला.

जिन्याच्या तोंडाशी येऊन तो वळला. समोर रिकामा बोळ, तीन उघडी दारं. त्याला वाटलं, एकदा पद्धतशीर करून बघू. एकोणतीस वर्षं जे केलं, ते इथेच केलं नाही. आणि काही झालं नाही, म्हणजे आपणच खुळे. थोडी चेष्टा, थोडी हिंमत आणणं, असं काहीतरी मिळून त्याने घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, मोठ्याने सांगितलं.

"चला, अर्धा तास. सगळे खाली."

काही झालं नाही. तो स्वतःशी हसला. पडद्याची एक रेघ गालिच्यावरून सरकली आणि परत आली, आणि जिन्याचं लाकूड उन्हाने तापून वाजतं तसं एकदा, मग बरेच वेळा वाजलं. मग त्याच्या मानेवर गार वारा आला. जाळीतली हवा सकाळपासून थंडच होती, पण आता ती त्याच्यापर्यंत पोचत होती. मध्ये काही नव्हतं.

थर्मामीटर खिशातून काढला तेव्हा त्यावर ब्याऐंशी होतं. तो बघत असताना एक्याऐंशी झालं.

त्याने कॅमेरा डोळ्यांशी धरला. गार ते निळं, ऊन ते तांबडं, एवढी साधी भाषा त्या कॅमेऱ्याची. भिंती निळ्या होत्या. गालिचा निळा नव्हता. पहिल्या खोलीत गालिच्यावर लांबट तांबडे डाग होते, एकाला लागून एक, भिंतीपासून दारापर्यंत, उशाशी गोल आणि खाली निमुळते. शेजारशेजार, दाटीवाटीने, पाय जाळीकडे करून. दुसऱ्या खोलीत तसेच. नोएमीच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि पलंगाखालीही. पाळणा जिथे असायचा, त्या जागेशी एक लहान डाग होता, हाताच्या दोन वितींचा.

त्याने मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

मग त्याच्या लक्षात आलं की डाग फिके होतायत. कडा पिवळ्या पडत होत्या, पिवळ्याच्या हिरव्या. झोपलेलं माणूस उठून गेलं की अंथरूण निवत जातं, तसे ते निवत होते. तो इतक्या वर्षांत हजारदा समजावून सांगितलेली गोष्ट स्वतःला सांगत उभा राहिला की निवतंय याचा अर्थ आता तिथे कोणी नाही. सगळे आत्ताच उठले.

त्याने कॅमेरा फिरवला. बोळात पावलं होती, अनवाणी, एकात एक मिसळलेली, इतकी की गालिच्याची तांबडी पायवाट झाली होती. ती त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली होती. तो उभा होता तेवढी जागा सोडून. जिन्याच्या वरच्या पायऱ्या पिवळ्या होत्या, मधल्या तांबूस, आणि सगळ्यांत खालच्या लालभडक.

एकोणतीस वर्षांत त्याने लोकांना फक्त खाली पाठवलं होतं. परत वर कधी बोलवावं लागलं नव्हतं, ते आपणहून यायचे. काय म्हणायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं. "वर या," तो म्हणाला. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, आणि ते शब्द तिन्ही खोल्यांत खणखणीत घुमले. मजला पार रिकामा होता.

खाली पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. नोएमी बॅगा गाडीत ठेवून आत येत होती.

"बापरे, अपा, खाली केवढं कोंदलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली, बाळ उठू नये म्हणून. तिचा आवाज जवळच्या जवळ विरत होता, भरलेल्या खोलीत विरतो तसा. "भट्टी झालीय नुसती. तुम्ही खालचं यंत्र बंद केलंत का?"

तो जिन्याकडे धावला. पहिली पायरी तळव्याला कोमट लागली, बुटातूनसुद्धा.

"अपा?" नोएमी म्हणाली. आता आवाज दबका नव्हता. "इनेसला तुम्ही वर नेलंय ना? खुर्चीचा पट्टा तसाच लावलेला आहे."

रोसेंडोच्या डोक्यावर, माळ्यावर, खट् असा आवाज झाला. आठवड्यात पहिल्यांदाच वरचं यंत्र आपणहून थांबलं. वर चौऱ्याहत्तर झालं होतं.